गाडी कुठे आहे? बरीदपासून ट्रकमालकाच्या मोबाईलपर्यंत

भिवंडी, मालेगाव, धुळे या मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गावांत ट्रकच्या धंद्यावर जगणारी पुष्कळ मुस्लिम कुटुंबे आहेत. कोणाची एक गाडी, कोणाच्या दोन, फार तर पाच-सात. या लहान मालकांच्या मोबाईलवर अलीकडे एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. विकणारे तिला ‘युनिफाइड फ्लीट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’ असे भारदस्त नाव देतात. अर्थ साधा आहे. गाडी आता कुठे आहे, डिझेल किती जळाले, टोल किती कापला गेला, ई-वे बिल कधी संपते, विमा, पासिंग, पीयूसी आणि परमिटची तारीख कधीची, चालकाला उचल किती दिली आणि खेपेअखेर हातात काय उरले, हे सारे एकाच पडद्यावर. विकणारे त्याला भविष्य म्हणतात. मला मात्र त्यात एक फार जुनी व्यवस्था दिसते, आणि ती आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेली आहे.

अब्बासी खिलाफतीत ‘दीवान अल-बरीद’ नावाचे खाते होते. त्याची सुरुवात उमय्या काळातली आणि मूळ त्याही मागे, रोमन व इराणी टपालात. ‘बरीद’ हा शब्दही बहुधा टपालाच्या घोड्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला. ठराविक अंतरावर ठाणी, प्रत्येक ठाण्यावर ताजी जनावरे, आणि कोणत्या रस्त्यावर किती ठाणी याची नोंद राजधानीत. नवव्या शतकातला प्रसिद्ध भूगोलकार इब्न खुर्दादबिह हा मुळात या खात्याचा अधिकारी होता. इराणच्या जिबाल प्रांताचे बरीद त्याच्याकडे होते. त्याचा ‘रस्ते आणि राज्ये’ हा ग्रंथ म्हणजे बऱ्याच अंशी अंतरांची यादी आहे: या गावापासून त्या गावापर्यंत इतके फर्सख. आजच्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या पोटात असा एक इब्न खुर्दादबिह बसलेला असतो.

पण बरीदचे काम पत्रे पोचवण्यापुरते नव्हते. प्रांतातला ‘साहिब अल-बरीद’ हा खलिफाचा डोळा होता. धान्याचा भाव काय, काजी न्याय कसा करतो, सुभेदार काय करतो, हे त्याने लिहून पाठवायचे. इतिहासकार तबरीने खलिफा मन्सूरच्या तोंडची एक गोष्ट नोंदवली आहे. राज्य चार माणसांवर उभे राहते असे मन्सूर म्हणतो. काजी, पोलीसप्रमुख आणि महसूल पाहणारा हे पहिले तीन, आणि या तिघांची खरी खबर देणारा बरीदवाला हा चौथा. चौथ्याचे नाव घेताना त्याने बोट चावले आणि उसासा टाकला असेही तबरी सांगतो. असा माणूस मिळणे किती कठीण, हे त्याला माहीत असावे.

मामलूक सुलतान बायबर्सने तेराव्या शतकात ही व्यवस्था नव्याने उभारली, तेव्हा कैरोहून दमिश्कला बातमी चार दिवसांत पोचू लागली. समोर मंगोल उभे असताना हे चार दिवस म्हणजे राज्याचा जीव होता.

हिंदुस्थानातले वर्णन आपल्याला इब्न बतूताकडून मिळते. तो सन १३३३ मध्ये सिंधच्या सीमेवर आला. मोहम्मद बिन तुघलकची डाक पाहून तो चकित झाला. सिंधहून दिल्लीला जायला पन्नास दिवस लागत, पण डाकेने पत्र पाच दिवसांत जाई. घोड्यांची डाक वेगळी, पायी डाक वेगळी. पायी डाकेत एका कोसात तीन ठाणी होती. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरू लावलेली काठी. घुंगरांचा आवाज ऐकून पुढच्या ठाण्यावरचा माणूस आधीच कंबर कसून उभा राही. गाडी यायच्या आत मोबाईल वाजतो, त्याच जातीची ही युक्ती. याच डाकेने सुलतानासाठी गंगेचे पाणी दौलताबादेला जात असे, चाळीस दिवसांच्या वाटेवर. आपल्या औरंगाबादजवळच्या त्या किल्ल्यावर बसून गंगेचे पाणी पिण्याची चैन एकट्या सुलतानाला परवडणारी होती. ठाणी, माणसे, घोडे, सगळा खर्च त्याच्या खजिन्याचा.

याच वर्णनात आणखी एक गोष्ट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. सीमेवर नवा माणूस आला की खबर लिहिणारे त्याचे रूप, कपडे, सोबती, नोकर, जनावरे, त्याचे चालणे-बसणे असे सारे टिपून सुलतानाकडे पाठवत. इब्न बतूता स्वतः दिल्लीला पोचण्याच्या किती तरी आधी त्याची माहिती दिल्लीत पोचत होती.

ही जोडगोळी आपल्या भाषेतही उतरली आहे. मराठेशाहीच्या कागदांत पत्र नेणाऱ्याला ‘जासूद’ म्हणतात, आणि हा शब्द अरबी ‘जासूस’चाच मराठी अवतार. मोगलांचा ‘हरकारा’ निरोपही नेई आणि बातमीही काढी. निरोप्या आणि हेर यांना वेगळे शब्द देण्याची गरज लोकांना फारशी वाटली नाही, कारण माणूस एकच होता. माल, गाडी, पत्र कुठे आहे हे कळण्याची सोय आणि ते नेणाऱ्या माणसावर पाळत, या दोन गोष्टी पहिल्यापासून एकाच खोगिरावर बसून आल्या.

ज्यांच्यावर अशी पाळत नव्हती असेही वाहतूकदार होते. बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके धान्य आणि मीठ वाहत राहिले. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. अरुंद रस्त्यावर समोरून असा तांडा आला की तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावे लागे. हा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा खासगी ‘फ्लीट’ म्हणायला हरकत नाही, आणि तो नायकाच्या शब्दावर चाले. फौजांना त्यांची गरज होती म्हणून लढाईतही त्यांना सहसा कोणी हात लावत नसे. रेल्वे आली आणि हा धंदा मोडला.

‘फ्लीट’ हा शब्द मात्र समुद्रावरचा. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडच्या कॉफीखान्यात जहाजमालक आणि विमा उतरवणारे बसत. कोणते जहाज कुठल्या बंदरात पोचले, कोणते बुडाले, याच्या बातम्या तिथे जमत. १७३४ पासून ‘लॉइड्स लिस्ट’ नियमित छापली जाऊ लागली. (कॉफी पिण्याची ही सवय युरोपने येमेन आणि तुर्कांकडून उचलली, हे जाता जाता.) इथे एक महत्त्वाचा बदल झाला. जहाज कुठे आहे हे जाणून घ्यायची गरज आता राजापेक्षा पैसे लावणाऱ्याला जास्त होती. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता रस्त्यावर येऊ. माझ्या मामूंच्या दोन गाड्या होत्या, आणि सारा कारभार एका लाल कापडी बांधणीच्या वहीत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. हिशेब, जमा, खर्च, वसूल, बाकी, दप्तर, तारीख हे आपले रोजचे शब्द अरबी-फारसीतून आलेले. खेपेला निघताना चालकाला उचल दिली जाई. तो परतला की खिसे रिकामे करी: डिझेलच्या पावत्या, पंक्चर, हमाली, ताडपत्रीची दोरी, आणि रस्त्यातली ‘एन्ट्री’, जिची पावती कुठेच मिळत नाही. मामू प्रत्येक रकमेवर भुवई उंचावत आणि मग लिहून घेत. मध्येच एसटीडी बूथवरून फोन येई. “गाडी कुठवर आली?” याचे उत्तर वर्षानुवर्षे एकच होते, “बस, पोचलोच.” इंदूरला असला तरी पोचलोच. त्या उत्तराला कोणी खोटे म्हणत नव्हते. उशीर रस्त्याचा असतो आणि झोप माणसाला लागते, एवढी समज दोन्ही बाजूंना होती. अर्थात डिझेल विकून खाणारे चालकही होते आणि उचल कापून पगार बुडवणारे मालकही. वही दोघांपैकी कोणालाच पुरती धरू शकत नव्हती. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. दोघांच्याही हातात पुरावा नव्हता, इतकेच.

कायद्यानेही या लहान माणसांकडे फारसे पाहिले नव्हते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांबच्या मार्गावर दिवसाला दहा तासांपर्यंत सवलत ठेवून. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगाला. दोन गाड्या, दोन चालक, एक क्लीनर असा धंदा त्याच्या बाहेर राहिला. त्या चालकाचे तास मोजणारे कोणी नव्हते.

युरोपात तेच तास एका यंत्राने मोजायचे ठरले. टॅकोग्राफ म्हणजे चालकाच्या केबिनमधली एक चकती. गाडी किती वेळ धावली, किती वेगाने, किती वेळ थांबली, याची रेघ तिच्यावर उमटते. १९७० मध्ये युरोपीय समुदायाने ती सक्तीची केली. १९७३ मध्ये त्यात सामील झालेल्या ब्रिटनमध्ये कामगार संघटनांनी तिला ‘केबिनमधला हेर’ असे नाव ठेवले. सरकारने टाळाटाळ केली आणि शेवटी १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयात हरले. पाहा, जासूद पुन्हा आला.

पण पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. त्याच चकतीवर मालकाचाही गुन्हा उमटत होता. आज युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. मालकाने ती मोडायला लावली तर चकती साक्ष देते. २००६ पासून नव्या गाड्यांत डिजिटल टॅकोग्राफ आला. त्यात चालकाच्या नावाचे एक कार्ड असते. ते चालकाच्या खिशात राहते आणि त्याच्या कामाची नोंद त्याच्याबरोबर फिरते. मालक बदलला, गाडी बदलली, तरी कार्ड त्याचेच. पाळतीच्या एवढ्या लांब इतिहासात, ज्याच्यावर पाळत आहे त्याच्या हातात नोंद देणारी उदाहरणे मला फार थोडी सापडली.

अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या क्वालकॉम कंपनीने १९८८ मध्ये ‘ऑम्नीट्रॅक्स’ आणले. उपग्रहावरून ट्रकला निरोप आणि ट्रककडून ठिकाण. पहिली मोठी गिऱ्हाईक होती श्नायडर ही ट्रक कंपनी. आज मोबाईलसाठी ओळखली जाणारी क्वालकॉम उभी राहिली ती बऱ्याच अंशी ट्रकवाल्यांच्या पैशावर. पण हे महागडे यंत्र मोठ्यांच्याच कामाचे होते. सुलतानाचीच डाक, फक्त सुलतान आता कंपनी होती. जीपीएस अमेरिकी लष्कराचे असल्याने नागरी वापराची अचूकता मुद्दाम कमी ठेवली जात असे, सुमारे शंभर मीटरची चूक गृहीत धरून. मे २००० च्या सुरुवातीला हा अडसर काढला गेला. मग यंत्रे स्वस्त झाली, मोबाईलचे जाळे पसरले, आणि पहिल्यांदा पाच-दहा गाड्यांच्या मालकाकडे कोणी गिऱ्हाईक म्हणून पाहिले.

डब्लिनची फ्लीटमॅटिक्स ही कंपनी २००४ मध्ये नेमके हेच करायला निघाली. प्लंबर, बांधकाम करणारे, माल पोचवणारे अशा लहान धंद्यांच्या व्हॅन तिने नकाशावर आणल्या. महिन्याचे भाडे भरा, मोठी गुंतवणूक नको. २०१६ मध्ये व्हेरायझनने ती सुमारे २४० कोटी डॉलरला विकत घेतली. लहानांच्या गाड्यांच्या माहितीची बाजारात केवढी किंमत आहे ते त्या आकड्यावरून कळावे. २०१५ मध्ये संजित बिस्वास आणि जॉन बिकेट यांनी काढलेली समसारा २०२१ च्या अखेरीस शेअर बाजारात आली. गाडीचे ठिकाण, कॅमेरा, देखभाल, कागदपत्रे असे तिने एकत्र विकले. दरम्यान डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना चालकाचे तास नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि हरली. मोठ्या कंपन्यांकडे ही यंत्रे आधीपासून होती. खर्च आणि अडचण लहानांच्या वाट्याला आली.

आपल्याकडे लहान मालकाला या पडद्याची गरज निर्माण झाली ती मुख्यतः सरकारी बदलांमुळे, आणि तीही चार-पाच वर्षांत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईचा जकात नाका गेला. नाक्यावर तासन् तास उभे राहणे संपले, यात शंका नाही. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजार रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागू झाले, ज्यावर गाडीचा नंबर असतो. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस झाली. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल लागू झाला. गाडीचे कागद ‘वाहन’ पोर्टलवर.

मुदतीच्या त्या आकड्यात लहान मालकाची सगळी धडपड मावली आहे. जुनी गाडी, एकच चालक, गोदामाबाहेर रिकामी करायची रांग. बिल संपण्याच्या आठ तास आधी किंवा नंतर मुदत वाढवता येते, पण त्यासाठी ते संपतेय हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. मोठ्या कंपनीत यासाठी एक माणूस बसवलेला असतो. मामूंसारख्याच्या घरी रात्री दोन वाजता कोण जागे असणार? नाही आले लक्षात, तर दंड असा की त्या खेपेचे भाडे त्यात जाते. एक पोर्टल कराचे, एक टोलचे, एक कागदांचे, विमा तिसरीकडे, जीपीएसवाला चौथीकडे. सरकारने वही फाडून पाने पाच ठिकाणी ठेवली. ती पुन्हा शिवून देणे, म्हणजेच हे ‘युनिफाइड’ सॉफ्टवेअर. म्हणून त्याची खिल्ली उडवणाऱ्यांशी मी सहमत नाही. शंभर गाड्यांच्या कंपनीला ते सोयीचे आहे, तीन गाड्यांच्या मालकाला ते तगून राहण्याचे साधन ठरू शकते. सुलतानाला दौलताबादेत बसून जे कळत होते, ते आज मालेगावच्या चहाच्या टपरीवर बसून कळते, आणि ही लहान गोष्ट नाही.

प्रश्न आहे तो पैसे लावणाऱ्याचा. जुन्या ट्रकवर कर्ज द्यायला बँका तयार नसत, तेव्हा १९७९ मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्ससारख्या कंपन्यांनी या माणसांना उभे केले. अशा कर्जात माणसाची ओळख बघावी लागते. आता चित्र बदलते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आलेली ब्लॅकबक पाहा. टोल, डिझेलचे पैसे, जीपीएस, भाडे मिळवून देणे आणि गाडीसाठी कर्ज, हे सारे एका कंपनीच्या छपराखाली आहे. यात बेकायदा काही नाही, मालकाची सोयही आहे. पण लॉइडचा कॉफीखाना आठवा. गाडी किती दिवस रिकामी उभी होती, कोणत्या महिन्यात डिझेल उधारीवर भरले, भाड्यासाठी किती खाली यायला मालक तयार झाला, हे सगळे ज्या प्रकारच्या व्यवस्थेत नोंदले जाते, तीच कर्जाचा दर आणि मालाचे भाडे ठरवण्याच्याही जागी बसू शकते. मामूंच्या वहीतली तंगी मामूंनाच माहीत होती. घासाघीस करताना ती झाकता येत होती.

आणि वही कोणाची? माझ्या परिचयातल्या एका चार गाड्यांच्या मालकाने सॉफ्टवेअर बदलले. जुन्या कंपनीचे महिन्याचे पैसे भरणे थांबताच दोन वर्षांच्या खेपांचा हिशेब दिसेनासा झाला. मागितल्यावर एक फाईल आली. तिच्यात गाडीचे नंबर आणि तारखा होत्या, खर्चाचे रकाने नव्हते. कर भरायच्या वेळी पुन्हा पावत्यांची पिशवी उपसावी लागली.

मालकाच्या खाली चालक आहे, त्याचे काय, हे या जाहिरातींत कुठेच नसते. त्याच्या अचानक ब्रेक दाबण्याची मोजणी होते, थांब्यांची होते, डिझेलच्या टाकीत काटा बसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानापासून वाचवण्यासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा दिली आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघाताच्या नव्या कलमाविरुद्ध देशभर ट्रक उभे राहिले, तेव्हा पेट्रोल पंपांवरच्या रांगांमुळे आपल्याला चालकाची आठवण झाली होती, तेवढीच. तो सलग चौदा तास गाडी चालवत होता की नाही, हे सांगणारी नोंद त्या पडद्यावर पडलेली असते. ती मालकाला दिसते, कंपनीला दिसते. ज्याला पोलीस ठाण्यात बसवून विचारले जाते, त्याच्या खिशात युरोपातल्यासारखे कार्ड नाही.

म्हणून कोणी ओळखीचा ट्रकमालक मला विचारतो, तेव्हा मी सांगतो, जरूर घ्या, पण घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैसे भरणे थांबवले तर माझा संपूर्ण जमाखर्च माझ्या हातात मिळेल का? माझ्या गाडीची माहिती कर्ज देणाऱ्याकडे, भाडे ठरवणाऱ्याकडे जाते का? आणि चालकाला त्याचे तास, त्याची उचल, त्याचा हिशेब त्याच्या मोबाईलवर दिसतो का? तिसरा प्रश्न मी स्वतः दोन विक्रेत्यांना विचारला. दोघांनीही सांगितले की तशी सोय आहे. ती बंद असते, आणि चालू करा असे आजवर कोणी मालक म्हणाला नाही.